ताऱ्यांच्या मधल्या प्लाझ्मातली खळबळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेताना दुर्बिणीपुढची रांग हळूहळू सरकत असते आणि मागे उभे असलेले लोक प्रश्न विचारत असतात. गुरूचे चंद्र, शनीची कडी, चंद्रावरचे खड्डे हे विषय चार वाक्यांत आटोपतात. पण कुणीतरी हमखास विचारतं, ‘‘ते तारे दिसले ओ सर, पण मधे काय आहे?’’ त्याचं उत्तर रांगेत उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं आहे.

मधे पोकळीच असते ना?

विरळ आहे, पण रिकामं नाही. आपल्या आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधल्या जागेत सरासरी एका घनसेंटिमीटरला एखादा अणू सापडतो. तुम्ही आत्ता श्वासातून घेताय त्या हवेत तेवढ्याच जागेत २७ वर अठरा शून्यं इतके रेणू असतात. त्या मानाने तिथे काहीच नाही असं वाटेल. पण जागा किती आहे ते बघा : एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर, आणि सर्वांत जवळचा तारा चार प्रकाशवर्षांहून लांब. एवढ्या अंतरात विरळ वायूसुद्धा साचत जातो आणि आपल्याकडे येणाऱ्या रेडिओलहरींना तो त्रास दिल्याशिवाय सोडत नाही.

प्लाझ्मा म्हणजे काय?

अणूतला एखादा तरी इलेक्ट्रॉन सुटून मोकळा झालेला वायू. ट्यूबलाइटच्या आत तो असतो, विजेच्या लोळात क्षणभर असतो, सूर्य तर सगळाच प्लाझ्मा. मेघनाद साहांनी १९२० साली किती तापमानाला किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतील याचं समीकरण दिलं. ते ताऱ्यांच्या वातावरणाला चपखल बसतं. ताऱ्यांच्या मधल्या वायूत मात्र हे काम मुख्यतः तापलेल्या, निळसर, भल्यामोठ्या ताऱ्यांचा अतिनील प्रकाश करतो. तो अणूवर आदळतो आणि इलेक्ट्रॉन उडवून लावतो.

सगळीकडे सारखा प्लाझ्मा आहे असंही नाही. कुठे थंड, काळे, रेणूंचे ढग आहेत. कुठे आठ हजार अंशांच्या आसपासचा वायू आहे. कुठे सुपरनोव्हांनी, म्हणजे मोठ्या ताऱ्यांच्या शेवटच्या स्फोटांनी, तापवलेले, दहा लाख अंशांचे फुगे आहेत.

आठ हजार अंश? मग तिथे माणूस भाजून निघेल की!

उलट गारठेल. तापमान म्हणजे कणांचा वेग, आणि कण वेगाने पळत असले तरी अंगावर आपटायला आहेतच किती? अंगातली उष्णता बाहेर जाईल जास्त, आत येईल नगण्य.

‘खळबळ’ म्हणजे नेमकं काय म्हणायचंय?

जुलैमध्ये मलप्रभेला पूर आलेला असतो तेव्हा खानापूरच्या पुलावर थांबून खांबामागचं पाणी बघा. खांबाच्या आडोशाला एक मोठा भोवरा फिरत असतो. तो जागेवर टिकत नाही. सुटतो, थोडा वाहत जातो आणि त्याच्या कडेला लहान भोवरे फुटतात. त्या लहानांच्या कडेला आणखी लहान. गाळाचं तांबडं पाणी असल्यामुळे हे डोळ्यांना स्पष्ट दिसतं. शेवटी इतके बारीक भोवरे होतात की पाण्याचा चिकटपणा त्यांना जिरवून टाकतो आणि त्यांची ऊर्जा उष्णता होऊन पाण्यात मिसळते. ऊर्जा आत येते मोठ्या आकारात, संपते बारीक आकारात आणि मधल्या पायऱ्यांवर नुसती खाली सोपवली जाते.

त्या मधल्या पायऱ्यांचा हिशेब रशियन गणिती आंद्रेय कोल्मोगोरोव यांनी १९४१ मध्ये मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : भोवरा हजारपट लहान झाला की त्यातला वेग दहापट कमी होतो, मग द्रव कुठलाही असो, तो कशानेही ढवळलेला असो. पाणी, हवा, वाफ कशालाही हा नियम लागू. मला भौतिकशास्त्रातली ही सर्वांत धाडसी विधानांपैकी एक वाटते, कारण खळबळीची मूळ समीकरणं आजही कुणाला पूर्ण सोडवता आलेली नाहीत. तरी हिशेब जुळतो.

ताऱ्यांच्या मधल्या प्लाझ्मातही असंच सुरू असतं. फक्त सर्वांत मोठे भोवरे शेकडो प्रकाशवर्षांचे आणि सर्वांत बारीक काहीशे किलोमीटरचे. म्हणजे बेळगाव-पुणे अंतराएवढे! त्याखाली प्रोटॉन चुंबकीय क्षेत्राभोवती ज्या वर्तुळात फिरतो ते वर्तुळच तेवढं मोठं असतं, त्यामुळे त्याहून बारीक भोवऱ्यांना हा नियम तसाच लागू पडत नाही.

आणि हे ढवळतं कोण?

मुख्यतः मरणारे मोठे तारे. एका सुपरनोव्हाच्या स्फोटात वायूला मिळणारा धक्का इतका जबर असतो, की सूर्य आपल्या हजार कोटी वर्षांच्या आयुष्यात जेवढी ऊर्जा बाहेर टाकेल साधारण तेवढी त्यात असते. आपल्या आकाशगंगेत असे स्फोट शंभर वर्षांत दोन-तीन होतात. आपल्याला कमी वाटतात, पण वायूला शांत व्हायला लाखो वर्षं लागतात, आणि त्या आधी पुढचा धक्का येऊन पोचतो. शिवाय तप्त ताऱ्यांचे वारे आहेत आणि आकाशगंगेचं स्वतःभोवती फिरणंही आहे : आतला भाग फेरी लवकर संपवतो, बाहेरचा रेंगाळतो, त्यामुळे वायू पिळला जातो.

इतक्या लांबची खळबळ इथे बसून मोजतात कशी?

पल्सारवरून. पल्सार म्हणजे सुपरनोव्हानंतर उरलेला, जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर रुंदीचा, गरगर फिरणारा तारा. त्याच्या फिरण्याबरोबर रेडिओलहरींचा झोत आपल्यावरून ठरावीक वेळाने जातो. ठोका अगदी नियमित. पण ठोक्याचा जोर मात्र स्थिर नसतो. काही मिनिटं सिग्नल जोरात, मग पडलेला, मग पुन्हा वर. १९६८ मध्येच, पल्सारचा शोध जाहीर झाला त्याच वर्षी, या चढउताराचं कारण पल्सारमध्ये नसून वाटेतल्या प्लाझ्मात आहे हे लक्षात आलं.

होतं असं. प्लाझ्मा जिथे थोडा दाट तिथे रेडिओलहर थोडी वेगळी वाकते, जिथे विरळ तिथे वेगळी. एकाच पल्सारच्या लहरी किंचित वेगवेगळ्या वाटांनी आपल्यापर्यंत येतात आणि इथे एकमेकींत मिसळतात. कुठे दोन लहरी जुळून आल्या की सिग्नल वाढतो, कुठे एकमेकींना खोडल्या की घटतो. पृथ्वी, पल्सार आणि मधला प्लाझ्मा तिघेही हलत असल्यामुळे हा चट्टेपट्टे असलेला नकाशा आपल्या अँटेनावरून सरकत जातो.

त्याचा आलेख बघण्यासारखा असतो. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला फ्रिक्वेन्सी, आणि जिथे सिग्नल जास्त तिथे काळा रंग. सगळ्या कागदभर काळे ठिपके, लांबुळके, काही तिरपे कललेले. एकेक ठिपका काही मिनिटं टिकतो आणि फ्रिक्वेन्सीत थोडीच जागा अडवतो. नवख्याला वाटतं मशीन बिघडलं. ठिपक्यांची रुंदी, उंची आणि कल मोजला की वाटेतले भोवरे किती बारीक आहेत, लहरी वाकवणारा प्लाझ्माचा पडदा किती लांब आहे आणि तो कोणत्या वेगाने सरकतोय हे सगळं काढता येतं.

अशी मोजमापं वेगवेगळ्या पद्धतींनी, वेगवेगळ्या आकारांसाठी जमत गेली. १९९५ साली आर्मस्ट्राँग, रिकेट आणि स्पँग्लर यांनी ती एकाच आलेखावर मांडली. एका टोकाला हजारेक किलोमीटर, दुसऱ्या टोकाला कित्येक प्रकाशवर्षं, आणि मधून जवळपास एकच सरळ तिरपी रेघ. तिचा उतार? कोल्मोगोरोवच्या हिशेबाला जवळजवळ चिकटून.

तारे लुकलुकतात तोच हा प्रकार का?

तत्त्व तेच, माध्यम वेगळं. तारे लुकलुकतात ते आपल्या डोक्यावरच्या हवेतल्या खळबळीमुळे. ग्रह फारसे लुकलुकत नाहीत, कारण ते ठिपका नसून छोटी तबकडी असतात आणि तबकडीच्या सगळ्या भागांचे चढउतार मिळून सरासरी निघते. रेडिओतही तसंच. पल्सार इवलासा म्हणून चमचमतो, पसरट स्रोत शांत दिसतात.

एक मजेशीर बाब : केंब्रिजला अँटनी ह्युइश यांनी १९६७ मध्ये जी तारांची भलीमोठी अँटेना उभारली, ती सूर्यवाऱ्यातल्या, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या, प्लाझ्मामुळे कोणते रेडिओस्रोत लुकलुकतात ते शोधण्यासाठीच होती. भराभर बदलणारा सिग्नल पकडायची सोय होती म्हणूनच जोसलिन बेल या विद्यार्थिनीला तिच्या कागदी पट्ट्यांवर पहिला पल्सार सापडला.

आमच्या आजोबांचा रेडिओ रात्री येत-जात असायचा. त्याचा याच्याशी संबंध आहे?

आहे, पण जवळच्या प्लाझ्माशी. रात्री मीडियम वेव्हवर लांबचं स्टेशन लावलं की गाणं मध्येच बुडायचं आणि परत वर यायचं. ते काम आयनोस्फिअरचं, म्हणजे आपल्या वातावरणाच्या वरच्या थरातल्या प्लाझ्माचं. जमिनीवरून थेट आलेली लहर आणि आयनोस्फिअरवरून परतलेली लहर एकमेकींना कधी साथ देतात, कधी मारतात. गणित पल्सारचंच.

आपला भाग याबाबतीत मोक्याच्या जागी आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, आणि सूर्यास्तानंतर तिथून प्लाझ्माचे विरळ फुगे वर चढून उत्तरेकडे पसरतात. ते डोक्यावरून गेले की जीपीएसचा सिग्नल थरथरतो. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात भारतीय भूचुंबकत्व संस्थेची उपकरणं आहेत. तिथल्या कॅमेऱ्याने रात्रीच्या आकाशाच्या अतिशय मंद लाल उजेडात हे फुगे काळ्या पट्ट्यांसारखे टिपले आहेत. बेळगावहून शंभरेक किलोमीटर. ताऱ्यांपर्यंत जायची गरजच नाही.

प्लाझ्मामुळे सिग्नलला उशीर होतो असं ऐकलं. किती?

फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितका जास्त. खेकडा तेजोमेघातला पल्सार सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि सेकंदाला तीस फेऱ्या मारतो. त्याचा एकच ठोका १४०० मेगाहर्ट्झवर आधी येतो आणि ४०० मेगाहर्ट्झवर जवळपास १.३५ सेकंद मागाहून. म्हणजे मधल्या वेळात पल्सारच्या चाळीस फेऱ्या झालेल्या असतात! या उशिरावरून वाटेत एकूण किती मोकळे इलेक्ट्रॉन लागले ते मोजता येतं.

खळबळीमुळे आणखी एक गोष्ट होते : वाकड्या वाटेने आलेल्या लहरी मागे राहतात आणि ठोक्याला शेपूट फुटतं. फ्रिक्वेन्सी निम्मी केली की हे शेपूट साधारण वीसपट लांबतं. काही दूरचे पल्सार खालच्या फ्रिक्वेन्सीवर दिसतच नाहीत ते यामुळे. ठोका पुढच्या ठोक्यात मिसळून जातो.

नदीला चुंबक नसतं. प्लाझ्माला असतं. मग नदीचा नियम तिथे कसा चालेल?

हा प्रश्न निपाणीच्या एका कार्यक्रमात पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) एका मुलीने विचारला होता. या पानावरचा सर्वांत चांगला प्रश्न हाच.

आकाशगंगेचं चुंबकीय क्षेत्र काही मायक्रोगॉसचं, म्हणजे होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास. तरी विरळ प्लाझ्माला ते पुरेसं आहे. प्लाझ्मा चुंबकीय रेषांना आडवा ओढला तर रेषा ताणल्या जातात आणि परत झटकतात, आणि तो झटका रेषेवरून लहरीसारखा पळतो. स्वीडनचे हान्नेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये या लहरी कागदावर दाखवल्या. आधी फार कुणी विश्वास ठेवला नाही, १९७० मध्ये नोबेल मिळालं.

चंद्रशेखर आणि फर्मी यांनी १९५३ मध्ये यातूनच एक युक्ती काढली. ताऱ्यांचा प्रकाश धुळीतून येताना ध्रुवित होतो, म्हणजे त्याची कंपनं एका दिशेला जास्त होतात, आणि ती दिशा चुंबकीय रेषेची दिशा सांगते. खळबळ रेषांना किती वाकवते हे त्या दिशांच्या विखुरण्यावरून मोजायचं. रेषा फार वाकल्या तर क्षेत्र दुबळं, ताठ राहिल्या तर जोरदार. ही पद्धत खगोलशास्त्रज्ञ आजही वापरतात.

आता मूळ प्रश्न. रेषांच्या आडव्या दिशेने ढवळणं सोपं, लांबीच्या दिशेने अवघड. म्हणून प्लाझ्मातले भोवरे गोल राहत नाहीत. जितके लहान तितके रेषेच्या दिशेने लांबुळके होत जातात. याचा नीट सिद्धान्त १९९५ मध्ये पीटर गोल्डराइख आणि श्रीधर यांनी मांडला. श्रीधर पुढे बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत होते. त्यांच्या हिशेबात आडव्या दिशेला कोल्मोगोरोवचाच उतार परत निघतो. मुलीला हे तिथेच फळ्यावर रेघा ओढून सांगितलं, पण तिचं समाधान झालं नाही. बरोबरच आहे, या विषयातल्या संशोधकांचे वादही थांबलेले नाहीत.

व्हॉट्सॲपवर ‘व्हॉयेजरने पकडलेला ताऱ्यांमधला आवाज’ फिरतो. खरा आहे का?

नोंद खरी, ‘आवाज’ म्हणणं सैल. १९७७ मध्ये निघालेलं नासाचं यान व्हॉयेजर-१ हे २५ ऑगस्ट २०१२ रोजी सूर्यवाऱ्याची हद्द ओलांडून बाहेर पडलं, सूर्यापासून सुमारे १,८२० कोटी किलोमीटरवर. सीमेचा विषय आमच्याकडे निघाला की चहा गार होतो, पण ही सीमासुद्धा काही महिने वादात होती : यान बाहेर पडलंय की नाही यावर शास्त्रज्ञांचंच एकमत नव्हतं. निकाल लागला तो प्लाझ्मामुळे. सूर्यावरच्या एका उद्रेकाचा धक्का २०१३ च्या वसंतात तिथे पोचला आणि भोवतालचे इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे २,६०० वेळा थरथरू लागले. थरथरण्याचा हा वेग घनतेवर ठरतो. हिशेब निघाला घनसेंटिमीटरला ०.०८ इलेक्ट्रॉन, म्हणजे सूर्यवाऱ्याच्या कडेला असते त्याच्या कितीतरी पट. यान बाहेर होतं.

२,६०० हर्ट्झ आपल्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात पडतं, म्हणून ती विद्युत थरथर स्पीकरवर वाजवली. तेच ते क्लिप. व्हॉयेजर-२ नोव्हेंबर २०१८ मध्ये बाहेर पडलं. पल्सारवरून लांबून जे अनुमान काढायचं, त्यातलं थोडं आता जागेवर जाऊन तपासता आलं, याचं मोल क्लिपपेक्षा फार जास्त आहे.

याचा उपयोग काय?

तुमच्या मोबाइलला काही नाही. खगोलशास्त्राला मात्र याच्यावाचून पाऊल टाकता येत नाही. आकाशगंगेतले थंड ढग नुसत्या स्वतःच्या वजनाने कोसळत राहिले असते तर दरवर्षी शंभराहून अधिक सूर्यांएवढे तारे जन्मायला हवे होते. प्रत्यक्षात एक-दोन सूर्यांएवढेच जन्मतात. खळबळ आणि चुंबकीय क्षेत्र ढगांना धरून ठेवतात, आणि तीच खळबळ कुठेकुठे वायू दाबून ताऱ्याला जन्मही देते. आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवराचं चित्र मे २०२२ मध्ये जाहीर झालं, तेव्हा वाटेतल्या प्लाझ्माने फासलेला धूसरपणा हिशेबात धरावाच लागला.

तिसरं उदाहरण आपल्या जवळचं. पल्सारचे ठोके घड्याळासारखे वापरून गुरुत्वीय लहरी पकडण्याच्या प्रयत्नात भारतातले संशोधकही आहेत. जून २०२३ मध्ये युरोपीय गटाबरोबर त्यांनी पुरावे जाहीर केले. प्लाझ्मामुळे ठोका किती मागे-पुढे होतो हे खालच्या फ्रिक्वेन्सीवर चांगलं मोजता येतं, आणि तिथे नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण कामाला येते. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या, ४५ मीटरच्या तीस डिश. एकाला जो गोंगाट वाटतो त्यावर दुसऱ्याची पीएचडी होते.

म्हणजे सगळं कळलंय?

छे. २००१ मध्ये डॅन स्टाइनब्रिंग आणि सहकाऱ्यांनी मघाशी सांगितलेल्या ठिपक्यांच्या आलेखाचं गणिती रूपांतर केलं तेव्हा सुबक कमानी निघाल्या. वाटेत सगळीकडे सारखी खळबळ पसरलेली असती तर अशा धारदार कमानी आल्या नसत्या. अर्थ असा, की बराचसा परिणाम काही मोजक्या, पातळ पापुद्र्यांत होतो. हे पापुद्रे कशाचे, टिकतात कसे, यावर निरनिराळ्या कल्पना आहेत. सरळ रेघेच्या आलेखाने जी निश्चिंती दिली होती तिला या कमानींनी सुरुंग लावला असं माझं मत. रेघ चुकीची नाही, पण तिच्यामागचं चित्र गुळगुळीत नाही.

डोळ्यांनी काही दिसेल का?

खळबळ नाही, प्लाझ्मा दिसेल. हिवाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, गावच्या दिव्यांपासून लांब जा. मृग नक्षत्रातल्या तीन ताऱ्यांच्या पट्ट्याखाली एक धुरकट ठिपका दिसतो. साध्या द्विनेत्रीतून तो पसरट दिसतो. तो १,३०० हून अधिक प्रकाशवर्षांवरचा, तरुण ताऱ्यांनी उजळवलेला प्लाझ्मा. त्यातल्या वायूचे वेग १९५० च्या दशकापासून मोजले जात आहेत, आणि ते एकसारखे नाहीत, उसळलेले आहेत.

पत्रिकेवर याचा परिणाम होतो का?

नाही.

मुलाला यात शिकायचं आहे. काय करावं?

पीयूसीला पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) घ्या, मग बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग, पुढे भौतिकशास्त्र. मराठी माध्यमातून दहावी झालेली मुलं पीयूसीच्या पहिल्या सहा महिन्यांत इंग्रजीमुळे बिचकतात. त्या काळात गणित सोडू देऊ नका, भाषा मागून येते. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, बंगळुरूत रामन संशोधन संस्था आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था, म्हणजे आपण दोन्हीकडून मध्यावर आहोत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरतं. एकदा नेऊन आणा. कर्नाटकात बघायचं तर गौरीबिदनूरला रेडिओ दुर्बीण आहे. तिथे डिश नाहीत, अँटेनांचं शेत आहे.

पावसाळ्यात तुमचे कार्यक्रम बंद. त्या दुर्बिणीही बंद असतात का?

नाही. या लहरी ढगांतून आणि पावसातून आरपार येतात, दिवसाही येतात. गडगडाटातल्या विजांचा खरखराट मात्र नोंदीत घुसतो, आणि वारा फार सुटला की खोडदच्या डिश सरळ वर तोंड करून थांबवून ठेवतात. आमचे कार्यक्रम दिवाळीनंतर, अमावस्येच्या आसपासच्या शनिवारी. येताना स्वेटर आणा, आणि मोबाइलचा टॉर्च लावू नका.